बिल्ट-इन ओव्हन अडीच वर्षं वापरल्यावर : कंपनी नंतर, आधी वायरमन आणि सुतार बघा

बिल्ट-इन ओव्हन घ्यावा का, असं दोन-तीन जणींनी विचारलं म्हणून लिहितेय, कारण फोनवर तेच तेच सांगून आता माझा घसा बसायला आलाय. आमच्या डोंबिवलीच्या घराचं किचन नवीन केलं तेव्हा टॉल युनिटमध्ये (म्हणजे उंच, उभ्या कपाटात) बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन बसवला, ७० लिटरचा, ६० सेंटिमीटर रुंदीच्या खणात बसणारा (बहुतेक सगळे त्याच मापाचे येतात), ४२ हजारांना पडला, त्याला आता अडीच वर्षं झाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला जो त्रास झाला त्यातला निम्मा आमच्याच शहाणपणामुळे झालाय आणि उरलेला दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तर टळला असता असं काही मला वाटत नाही.

आधी आमच्याकडे तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला, बहुतेक मराठी घरांत माळ्यावर सापडेल तो. नवीन ओव्हनची किंमत ऐकल्यावर सासूबाईंनी विचारलंच, "अगं, त्या गोल ओव्हनला काय धाड भरली होती?" खरं सांगायचं तर काही नाही. एक रव्याचा केक करायचा तर गोल ओव्हन आजही फक्कड आहे, वीजही कमी खातो. पण त्यात एका वेळी दहा-बारा नानकटाया राहतात आणि आमच्याकडे नानकटाई किलोच्या मापात होते, कारण सासूबाई दिवाळीच्या आधी तूप-साखर-मैदा पिशवीत भरून बेकरीत घेऊन जायच्या, तिथे रांग लावून ट्रे भाजून घ्यायच्या आणि पत्र्याचा डबा भरून आणायच्या. आता पंखा लावून दोन ट्रे एकदम जातात, १६० वर वीसेक मिनिटं, मधे एकदा ट्रेंची अदलाबदल, दीड तासात डबा भरतो. त्या पहिल्या दिवाळीनंतर धाड कुठे गेली कोण जाणे.

आता मुद्द्याचं. दुकानातला मुलगा तुम्हाला नऊ फंक्शन, अकरा फंक्शन असं सांगत बसेल. तुम्ही त्याला फक्त वॅट विचारा. आमचा सगळं चालू असताना २९०० वॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर साडेबारा अँपियरच्या वर, मिक्सरच्या ६ अँपियरच्या सॉकेटवर हे चालणार नाही. आमच्याकडे डिलिव्हरी झाली, माणसं बसवायला आली आणि मग कळलं की त्या खणाच्या मागे साधाच पॉइंट आहे. झालं, नवीन टाईल्स लागलेल्या घरात परत भिंत फोडली. वायरमन म्हणाला, "ताई, मेनपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर ओढतो, १६ अँपियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ चा सॉकेट, आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मी लावू देणार नाही." त्याने खरंच टेस्टरने अर्थिंग बघितलं, मला त्याचा तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरं केलं, का ते पुढे सांगते. आणखी एक, सॉकेट ओव्हनच्या बरोब्बर मागे घेऊ नका, बाजूच्या कपाटात घ्या, नाहीतर प्लग काढायचा म्हटलं की ४० किलोच्या आसपासचं धूड बाहेर ओढायला लागतं.

दुसरा खर्च सुताराने करवला. त्याने खण इतका सुबक, चारी बाजूंनी बंद करून दिला की बघत राहावं. ओव्हनला मागून हवा लागते! पुस्तिकेत चित्र काढून दिलेलं असतं, मागे मोकळी जागा, खालच्या फळीला कापलेली फट, वगैरे. ती पुस्तिका सुताराने बघितली नाही आणि आम्हीही बघितली नाही. ओव्हन बंद केल्यावर आतला कूलिंग पंखा थोडा वेळ चालू राहतो हे बरोबरच आहे, त्याला घाबरून मेन स्विच बंद करू नका (आमच्या अहोंनी महिनाभर तेच केलं, "वीज जातेय" म्हणून), पण आमचा पंखा पाऊण पाऊण तास घरघरत बसायचा आणि चार महिन्यांत शेजारच्या कपाटाच्या दाराची पट्टी गोंद सुटून लोंबायला लागली. मग मागची प्लाय कापून घेतली, खाली जाळी बसवली. आता दहा-पंधरा मिनिटांत पंखा गप्प होतो.

टॉल युनिटमध्ये छातीच्या उंचीला बसवला हा निर्णय मात्र शंभर टक्के बरोबर. शेगडीच्या खाली बसवलेला मी बहिणीकडे वापरलाय, दर वेळी गरम ट्रेसाठी कमरेत वाकायचं, नको रे बाबा.

पहिल्यांदा लावताना तो रिकामाच २५० वर तासभर चालवायचा असतो, आतलं फॅक्टरीचं तेल-बिल जळून जायला. घरभर प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आणि थोडा धूर येतो. खिडक्या उघडा आणि शेजारच्यांना आधी सांगून ठेवा, आमच्या समोरच्या काकू धावत आल्या होत्या.

आणि ते घड्याळ! लाईट गेली आणि आली की घड्याळ लुकलुकायला लागतं आणि जोपर्यंत तुम्ही वेळ लावत नाही तोपर्यंत ओव्हन ढिम्म गरम होत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, गरम होत नाही. मी पहिल्याच महिन्यात कम्प्लेंट टाकली, तीन दिवसांनी माणूस आला, दोन बटणं एकदम दाबली आणि निघाला. वॉरंटी होती म्हणून व्हिजिटचे पैसे वाचले. आमच्या भागात पावसात लाईट जाणं काही नवीन नाही त्यामुळे आता घरातला धाकटासुद्धा ते दाबतो.

नॉबवरची चित्रं एकदा समजून घेतली की अकरा फंक्शनचं भूत उतरतं. वर रेघ म्हणजे वरची कॉइल, खाली रेघ म्हणजे खालची, दोन्ही रेघा म्हणजे दोन्ही, नागमोडी म्हणजे ग्रिल, आणि गोलातला पंखा म्हणजे मागे पंख्याभोवती जी रिंग असते ती तापते आणि हवा फिरते. मी रोजच्या वापरात तीनच लावते. केकला वर-खाली, मधल्या खाचेत, पंखा नाही. बिस्किटं आणि एकापेक्षा जास्त ट्रे असतील तर पंखा, आणि पंखा लावला की रेसिपीत लिहिलंय त्यापेक्षा २० डिग्री कमी. तिसरं ग्रिल. नॉबवरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा एक छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या, माझ्या ओव्हनमध्ये १८० ला लावलं की मागच्या डाव्या कोपऱ्यात १९५ च्या पुढे जातं आणि तो कोपरा नेहमी आधी लाल होतो. आता ट्रे अर्ध्यात फिरवते, सवय झाली.

विजेचं सगळ्या विचारतात. मी मीटर बघून मोजलंय, बारा मिनिटं प्रीहीट आणि चाळीस मिनिटं केक, १८० वर, एक युनिटच्या जरा पुढे. २९०० वॅटचा ओव्हन तासभर सलग २९०० खात नाही, तापला की थर्मोस्टॅट बंद-चालू करत राहतो. फक्त दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायची खोड सोडा, केकही बसतो आणि बिलही चढतं.

चांगलं काय होतं? लादी पाव, २०० वर, भन्नाट. रताळी सालासकट, पाऊण तास, उपासाला त्याहून सोपं काही नाही. बेबिंका! माझी मावशी मडगावला असते, तिच्या लहानपणी मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून वर निखारे घालायचे, म्हणजे आच वरून, एक थर भाजला की तूप आणि दुसरा थर. ओव्हनचं ग्रिल म्हणजे नेमकं तेच, वरून आच. मी सात थरांची केली, चार तास गेले, परत वर्षभर करणार नाही पण झाली झकास. वाईट काय होतं तर भरताचं वांगं. ग्रिलखाली ते मऊ होतं, सालही सुटतं, पण तो धुराचा वास नाही, मग ते वांग्याची भाजी लागतं. भरीत गॅसवरच. आणि बेक्ड करंजी करून बघा असं कोणी सांगितलं तर हसून विषय बदला.

आता माझी घोडचूक. चीज सांडू नये म्हणून मी तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरलं. बऱ्याच ओव्हनमध्ये खालची कॉइल तळाच्या पत्र्याखाली लपलेली असते, फॉइलमुळे उष्णता तिथेच कोंडते, आणि माझं फॉइल वितळून इनॅमलला असं चिकटलं की आजतागायत तिथे हाताच्या पंजाएवढा रुपेरी डाग आहे. पुस्तिकेत पान ७ वर ठळक लिहिलेलं होतं. सांडायची भीती असेल तर एक खाच सोडून खाली रिकामा ट्रे ठेवा, तळावर काहीही टेकवायचं नाही.

साफसफाईचं सांगायचं तर "स्टीम क्लीन" नावाच्या फंक्शनला भुलू नका, ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी घालून खालची कॉइल अर्धा तास लावायची, एवढंच ते आहे, कुठल्याही ओव्हनमध्ये होतं. त्याने तेलकट थर मऊ होतो, पुसायचं तुम्हालाच असतं. पायरोलिटिक म्हणून एक प्रकार असतो तो मात्र खरा, दार लॉक होऊन आत जवळजवळ ५०० डिग्री जातं आणि घाणीची राख होते, पण त्याचे पैसेही तसेच. माझ्याकडे तो नाही त्यामुळे मी दर वेळी ओव्हन कोमट असताना ओल्या फडक्याने पुसते आणि महिना-दीड महिन्यातून खायच्या सोड्याची पेस्ट रात्रभर लावून ठेवते, कॉइल आणि दाराचं रबर सोडून. ते रबर घासायचं नाही, ते ढिलं झालं की वाफ बाहेर यायला लागते आणि नॉब गरम व्हायला लागतात. काचेला लोखंडी पातं, तारेची घासणी नको, बारीक चरे पडतात आणि पुढे काच त्या चऱ्यांवरून तडकू शकते.

दोन काचांच्या मधे तेलाचे ओघळ जातातच. त्यासाठी दार काढता येतं, पूर्ण उघडायचं, दोन्ही बिजागरांचे खटके वर करायचे, अर्धवट मिटून वर उचलायचं. दोघांनी करा. खटके न लावता बिजागर सुटलं तर स्प्रिंग फाटकन मिटते आणि मधे बोट असलं तर काही खरं नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ पहिल्या पावसाळ्यात झाला. मे महिन्यात उकाड्याने ओव्हनला हात लावला नाही, जूनही तसाच गेला, जुलैच्या शेवटी लेकीच्या वाढदिवसाला केक करायला लावला आणि पाचव्या मिनिटाला अख्ख्या घराची लाईट गेली. ईएलसीबी (करंट कुठे गळला की लाईट तोडणारा मेनजवळचा स्विच) खाली. वर केला, परत लावला, परत खाली. केक शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून गोल ओव्हन काढून केला, आणि त्यांनी एक अक्षर न बोलता केला हे जास्त लागलं. कस्टमर केअरने आधी "वायरिंग तपासा" म्हणून सहा दिवस घालवले. मग जो टेक्निशियन आला तो खरंच हुशार निघाला, म्हणाला, "मॅडम, किती दिवस लावला नव्हता?" कॉइलच्या धातूच्या नळीत तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते, ती पूड दमट हवेत टोकांकडून ओलावा ओढते, मग थोडा करंट बॉडीकडे गळतो आणि ईएलसीबी त्याचं काम करतो. त्याने कुठली कॉइल गळतेय ते मीटर लावून शोधलं, खालची निघाली, ती काढून वाळवली, परत मोजली, चालू झाला. बदलायला लागली नाही. अर्थिंग आणि ईएलसीबी धड नसते तर घर अंधारात गेलं नसतं, ओव्हनच्या दाराला हात लावल्यावर मला कळलं असतं. तो वायरमन आठवला तेव्हा. स्वतः ईएलसीबी बायपास करून बघायचा आगाऊपणा कोणी करू नका.

जाताना त्याने सांगितलं, पावसाळाभर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं लावत जा, काही करायचं नसलं तरी. रिकामा लावायला माझा जीव होत नाही. मग शनिवारचे शेंगदाणे सुरू झाले, एक किलो एकदम, १५० वर वीस-पंचवीस मिनिटं, मधे दोनदा हलवायचे, कुटाला इतके एकसारखे भाजले जातात की कढईसमोर उभं राहणं बंदच झालं. नंतर त्याच उबेत सादळलेला चिवडा, पातळ पोहे, खारी, जे काय मऊ पडलं असेल ते दहा मिनिटं ठेवायचं. कॉइलही कोरडी, चिवडाही. गेल्या पावसाळ्यात एकदाही ट्रिप झाला नाही.

आतला दिवा एकदा गेला, तो साध्या दुकानातला घालू नका, ओव्हनचा ३०० डिग्री सहन करणारा वेगळा मिळतो, बदलताना मेन बंद. सध्या दाराचं उजवं बिजागर कुरकुरतंय, वॉरंटी मार्चमध्ये संपली, कस्टमर केअरने अंदाज सांगायला फोन करतो म्हणून सांगितलंय त्याला आज अकरा दिवस झाले. आला फोन तर किती सांगितले ते इथेच खाली टाकते.