गोबर गॅसवर स्वयंपाक: उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढल्यानंतरचं मत

सिलिंडर सुटला का, असं भेटेल तो विचारतो. सुटला नाही. पण एक सिलिंडर आता पूर्वीच्या दुपटीहून जास्त दिवस पुरतो, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घराला तेवढं खूप आहे.

आमचा घुमट, म्हणजे शेण कुजून गॅस होतो ती बांधीव टाकी, रोज दोन घनमीटर गॅसची, दीनबंधू पद्धतीची. अफप्रो या संस्थेने 1984 साली काढलेलं हे मॉडेल जमिनीखाली असतं आणि गंजायला लोखंडी टाकी नसते. कोकणच्या हवेत हे फार मोलाचं. हिशेब असा: साधारण 25 किलो शेणातून एक घनमीटर गॅस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडा कमी एलपीजी. दोन घनमीटरला रोज 50 किलो शेण हवं. इथेच गोव्यातलं गणित फसतं. आपल्या श्वेतकपिला गाई अंगाने लहान, आणि दिवसभर रानात चरतात. गोठ्यात मिळतं ते रात्रीचंच शेण. त्यामुळे गुरांची नुसती डोकी मोजून घुमटाचं माप ठरवू नका. सकाळी गोठ्यात प्रत्यक्ष किती घमेली भरतात ते बघा.

सकाळी दाब भरपूर असतो, तेव्हाच पेज आणि दुपारचं शीत-हुमण (भात आणि माशाची कढी) उरकतं. दुपारनंतर ज्योत बसू लागते, भाकरी एलपीजीवर. शेगडी मात्र गोबर गॅसचीच घ्या. आम्हाला विक्रेत्याने आधी साधी शेगडी गळ्यात मारली होती. तिच्या जेटचं भोक बारीक, त्यामुळे आच लागेना.

पावसात गुरं गोठ्यात जास्त वेळ असतात, शेण वाढतं. पण ओल नळीत साचते, ज्योत फडफडते. नळीच्या सखल जागी पाणी काढायची तोटी आहे, ती जोराच्या पावसात रोज सोडावी लागते. शेण कालवायच्या कुंडीवर पत्रा हवाच, नाहीतर काला पातळ होतो. गोठा धुतलेलं साबणाचं पाणीही आत जाऊ देत नाही, त्याने गॅस करणारे जीवाणू मरतात.

खरी कमाई मला कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दिसली. गॅस होऊन जातो तो कार्बन आणि हायड्रोजन. नत्र रबडीतच, म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर येणाऱ्या पातळ शेणातच, राहतं. ही रबडी ताज्या शेणासारखी घाण मारत नाही, माशा बसत नाहीत, आणि पाटाच्या पाण्याबरोबर थेट पोफळींच्या बुडाशी जाते. मिरीच्या वेलींना यंदा विकतचं खत घातलंच नाही, तरी पानं काळीभोर हिरवी आहेत.

धूर गेला, आईचे डोळे चुरचुरायचे थांबले. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा घुमट पुन्हा बांधीन. गाईने यंदाचंच गवत खाल्लेलं असतं, त्यामुळे त्या गॅसच्या धगीत जमिनीखालचा जुना कार्बन नसतो. मात्र या गॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन, आणि न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक तापवतो. म्हणून सडक्या अंड्यासारखा वास आला की आधी गॅसची तोटी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि मग साबणाचा फेस लावून नळीचा एकेक जोड तपासा. काडी ओढून कधीच बघू नका.