उघडा चिलर की दाराचा, थर्मल की डॉट मॅट्रिक्स: दुकानातल्या यंत्रांचा दहा वर्षांचा हिशोब

दुकानासाठी यंत्रं घेताना दोन कोटेशन शेजारी ठेवली की नजर आधी तळाच्या रकमेवर जाते. ती रक्कम एकदाच भरायची असते. वीज, गॅस, कागद, सुटे भाग आणि मेकॅनिकच्या फेऱ्या मात्र यंत्र भंगारात जाईपर्यंत चालू राहतात, आणि त्यांचा आकडा कोटेशनवर कुठेच नसतो.

तुलना करताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: हे यंत्र वर्षात किती तास काम करतं? वर्षाचे तास 8,760. चिलर आणि डीप फ्रीझर यांतला एकही तास सुटी घेत नाहीत. दुकान रोज तेरा तास उघडं असेल तर दिवे पावणेपाच हजार तास जळतात. बिलाचा प्रिंटर रोज 300 बिलं काढत असला आणि एका बिलाला तीन सेकंद लागत असले, तरी वर्षाची बेरीज जेमतेम 90 तास होते. तेव्हा वीज वाचवण्यासाठी जादा पैसे घालायचे ते चिलरमध्ये. प्रिंटरच्या विजेचा विचार करण्यात वेळ घालवू नये, तिथे खर्च वेगळ्याच वाटेने होतो.

सतत चालणाऱ्या दोन यंत्रांत सरासरी 100 वॅटचा फरक असेल तर वर्षाला 876 युनिटचा फरक पडतो, दहा वर्षांत 8,760 युनिटचा. याला आपल्या विजेच्या दराने गुणा आणि मग किमतीतला फरक बघा. मात्र यंत्राच्या पाटीवरचे वॅट घेऊन हा गुणाकार करू नका. कॉम्प्रेसर थांबत-चालत असतो. डीलरकडे '24 तासांत किती युनिट' हा आकडा लेखी मागा.

उघडा चिलर की काचेच्या दाराचा

सगळ्यात मोठा खर्च इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू. उघड्या उभ्या चिलरमध्ये वरून थंड हवेचा पडदा सोडलेला असतो आणि तो खालच्या जाळीतून परत ओढला जातो. दिसायला तो पडदा असला तरी दुकानातली गरम, दमट हवा त्यातून आत घुसतच राहते. अशा चिलरच्या कॉम्प्रेसरवर जो भार येतो त्यातला साधारण 70 ते 80 टक्के भार एवढ्या घुसखोरीचा असतो. आतला माल थंड ठेवायला फारच थोडी शक्ती लागते. बाकीची दुकानाची हवा थंड करण्यात जाते. समोर उभ्या गिऱ्हाइकाचे पाय गारठतात ते याचमुळे.

दार लावलं की हा भार एकदम उतरतो. विजेची बचत तिसऱ्या हिश्श्याएवढी सहज होते, बऱ्याचदा जास्तही. शिवाय बाष्प कमी शिरल्यामुळे आतल्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ कमी धरतो आणि तो वितळवण्याच्या, म्हणजे डीफ्रॉस्टच्या, वेळा कमी होतात.

दाराचेही खर्च आहेत. काचेवर दव धरू नये म्हणून चौकटीत बारीक हीटर असतात आणि स्वस्त मॉडेलमध्ये ते दिवसरात्र चालू राहतात. म्हणजे एकाच कपाटात गरम करणं आणि थंड करणं शेजारी शेजारी चाललेलं. हवेतली आर्द्रता बघून हीटर चालू-बंद करणारं नियंत्रण असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, काही वर्षांनी बदलावं लागतं. बिजागरीची स्प्रिंग सैल झाली की दार बोटभर उघडं राहू लागतं आणि ते दिवसभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

उघड्याच्या बाजूने एकच वजनदार मुद्दा मांडला जातो: दार उघडावं लागलं की माणूस माल कमी उचलतो. काउंटरजवळच्या, जाता-जाता उचलायच्या थंड पेयांच्या बाबतीत मी हा मुद्दा काही अंशी मान्य करतो. पण जो माल घ्यायचा हे माणूस घरूनच ठरवून येतो, त्याच्यासाठी तो दार उघडतोच. म्हणून उघडा ठेवायचाच असेल तर एखादा छोटा, दर्शनी जागी, आणि बाकी सगळे दाराचे. त्या उघड्यालाही रात्री ओढायचा पडदा घ्या. अर्थात तो रोज रात्री ओढला जाईल हे पाहणं आलंच, आणि बऱ्याच दुकानांत नेमकं तेच राहून जातं.

कॅटलॉगमधला युनिटचा आकडा वाचताना एक खबरदारी घ्या. प्रदर्शनी फ्रिजच्या आयएसओ 23953 या मानकात वेगवेगळे 'हवामान वर्ग' आहेत. पुष्कळ आकडे वर्ग 3 चे, म्हणजे 25 अंश सेल्सिअस आणि 60 टक्के आर्द्रतेतले असतात. तुमच्या दुकानात दुपारी त्याहून जास्त उकडत असेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. आणि दोन कंपन्यांचे आकडे वेगवेगळ्या वर्गांतले असतील तर त्यांची तुलनाच होत नाही. वर्ग विचारला की विक्रेता जरा सावध होतो, हा आणखी एक फायदा.

आतल्या पंख्यांची मोटर कोणती, हेही विचारा. जुन्या पद्धतीच्या शेडेड पोल मोटरपेक्षा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची ईसी मोटर तेवढ्याच हवेला निम्म्याहून कमी वीज घेते. चार पंखे आणि प्रत्येकी 20 वॅटची बचत धरली तर वर्षाला 700 युनिट. शिवाय पंखा थंड भागातच बसलेला असल्यामुळे त्याची उष्णता पुन्हा कॉम्प्रेसरलाच बाहेर काढावी लागते, ती बचत वेगळी.

कॉम्प्रेसर कपाटात की बाहेर

प्लग लावून चालणाऱ्या चिलरमध्ये सगळी यंत्रणा त्याच्या पोटात असते. रिमोट पद्धतीत कॉम्प्रेसर मागच्या खोलीत किंवा गच्चीवर असतो आणि तिथून नळ्या प्रत्येक कपाटापर्यंत येतात.

प्लगचा चिलर वापरतो ती प्रत्येक युनिट वीज शेवटी उष्णता होऊन दुकानातच राहते. दुकानात एसी असेल तर तीच उष्णता बाहेर फेकायला आणखी साधारण तिसरा हिस्सा वीज लागते. थंड प्रदेशात हीच उष्णता हिवाळ्यात कामी येते, उष्ण प्रदेशात ती भुर्दंड ठरते. रिमोट पद्धत उष्णता बाहेर टाकते आणि मोठ्या दुकानात तिची कार्यक्षमताही चांगली असते.

रिमोटचा कच्चा दुवा म्हणजे नळ्या. जितके सांधे तितकी गळती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या साधारण सुपरमार्केटमधून वर्षाला सुमारे चौथा हिस्सा गॅस गळून जातो. गॅस पुन्हा भरण्याचा खर्च तर आहेच, पण गॅस कमी असलेली यंत्रणा जास्त वेळ चालून जास्त वीज खाते, तो खर्च बिलात मिसळून जातो आणि कुणाला दिसत नाही.

गॅस कोणता आहे यावर पुढच्या दहा वर्षांतली बरीच डोकेदुखी अवलंबून आहे. आर-404ए या जुन्या मिश्रणाची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 3,922 पट धरली जाते. माँट्रियल करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीनंतर अशा वायूंचं उत्पादन जगभर टप्प्याटप्प्याने कमी केलं जात आहे. म्हणून आर-404ए वर चालणारं यंत्र आज स्वस्तात मिळालं तरी पुढे त्याचा गॅस महाग आणि दुर्मिळ होत जाणार हे धरून चला. प्लगच्या नव्या चिलरमध्ये आता आर-290, म्हणजे प्रोपेन, येतो. तो ज्वालाग्राही असल्यामुळे पूर्वी एका यंत्रात 150 ग्रॅमची मर्यादा होती. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने ती 494 ग्रॅमपर्यंत वाढवली, त्यामुळे मोठी कपाटंही त्यावर शक्य झाली. एकच अट आहे: प्रोपेन हाताळायला शिकलेला मेकॅनिक तुमच्या आसपास हवा. तो नसेल तर किरकोळ बिघाडालाही आठवडाभर थांबावं लागेल, आणि आतला माल तेवढं थांबत नाही.

माझं मत सांगायचं तर चार-सहा कपाटांपर्यंत आर-290 चे प्लगचे चिलर घ्या. एक बंद पडला तर बाकीचे चालू राहतात, दुकानाची जागा बदलली तर सोबत नेता येतात. त्यापुढे रिमोटचा विचार करा, पण गळती शोधणाऱ्या सेन्सरसकट.

नवा की वापरलेला

वापरलेल्या फ्रीझरची किंमत मोहात पाडते. मघाचाच 8,760 तासांचा नियम लावला तर सगळ्यात जपून घ्यायची जुनी वस्तू हीच. पाहायला जाल तेव्हा यंत्र आदल्या दिवसापासून चालू ठेवायला सांगा. दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. अलगद निसटली तर तिथलं रबर गेलं. चारी बाजूंनी हे करा, कारण रबर बहुतेक बिजागरीच्या कोपऱ्यात आधी मरतं. मग खालची जाळी काढून कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, बघा. धुळीचा नमदा बसलेला असेल तर कॉम्प्रेसरने आजवर बराच छळ सोसला आहे असं समजा. शेवटी पाटीवर गॅसचं नाव वाचा. रॅक, ट्रॉल्या, काउंटर, टोपल्या मात्र खुशाल जुन्या घ्या. त्यांना वीज लागत नाही. ट्रॉलीची चाकं बदलता येणारी आहेत ना, एवढं पाहिलं की झालं.

दिवे

इथे फार खल करायला नको, एलईडीच. 36 वॅटची जुनी ट्यूब चोकसकट 45 वॅटच्या आसपास घेते, तेवढ्या उजेडाची एलईडी ट्यूब 20. रोज तेरा तासांनी एका ट्यूबमागे वर्षाला जवळपास 119 युनिट वाचतात. चाळीस ट्यूबचे पावणेपाच हजार. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारानुसार फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादनही बंद होत आहे, तेव्हा पर्याय तसाही उरणार नाही.

खरी निवड एलईडीच्या दोन प्रकारांत आहे. एलईडी सहसा आधी मरत नाही, आधी मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे तिला योग्य वीज पुरवणारं सर्किट. ड्रायव्हर वेगळा असलेला पॅनल दुरुस्त होतो, सीलबंद पॅनल अख्खा फेकावा लागतो. '50,000 तास' हा आकडा उजेड 70 टक्क्यांवर यायला लागणाऱ्या वेळेचा असतो, ड्रायव्हरचा नव्हे.

बिलिंग काउंटर

डॉट मॅट्रिक्सला रिबन लागते, आवाज होतो, वेग कमी. पण कार्बनवर एकाच वेळी दोन-तीन प्रती निघतात आणि अक्षरं वर्षानुवर्षं टिकतात. थर्मलला शाई नाही, मात्र कागद खास लागतो आणि उन्हात किंवा गरम जागी ठेवलेलं बिल काही महिन्यांत कोरं होतं. वॉरंटीच्या वस्तू विकत असाल तर गिऱ्हाइक कोरी पट्टी घेऊन दारात उभं राहील, म्हणून बिलाची प्रत मोबाइलवर पाठवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असू द्या. बहुतेक दुकानांना तेवढी सोय पुरते. गोदामाच्या चलनांसाठी डॉट मॅट्रिक्स अजूनही बरा.

थर्मल प्रिंटरचा खर्च हेडमध्ये, म्हणजे तापून अक्षरं उमटवणाऱ्या पट्टीत, आणि कागदात असतो. चांगल्या हेडचं आयुष्य 150 किलोमीटर कागद असं दिलेलं असतं. एक बिल 20 सेंटिमीटरचं धरलं तर साडेसात लाख बिलं, रोजच्या 300 ने जवळपास सात वर्षं. खरखरीत, स्वस्त कागदाने हेड त्याआधीच घासतं आणि बिलावर उभ्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. तेव्हा हेडची वेगळी किंमत आधीच विचारून ठेवा. काही स्वस्त प्रिंटरमध्ये हेड मिळतच नाही.

आणि त्या बिलाच्या तळाशी 'पुन्हा अवश्य या', सुविचार, मोठा लोगो. एवढ्याने चार सेंटिमीटर गेले तर रोजच्या 300 बिलांनी वर्षाला 4,380 मीटर कागद, म्हणजे 80 मीटरचे 55 रोल. सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत वाचणारा खर्च आहे हा.

स्कॅनर घेताना लेझरचा घेऊ नका. त्यात हलणारा आरसा असतो, पडला की संपला, आणि मोबाइलच्या स्क्रीनवरचा कोडही तो वाचत नाही. कॅमेऱ्यासारखा काम करणारा इमेजर थोडा महाग पडेल, पण क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचतो. वस्तूंवरच्या बारकोडचं जागतिक काम पाहणाऱ्या जीएस1 संस्थेने 2027 अखेरपर्यंत दुकानांच्या काउंटरवर असे कोड वाचले जावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. आता लेझर घेतला तर दुसऱ्यांदा खरेदी आलीच.

बिलिंगच्या संगणकात यंत्रापेक्षा सॉफ्टवेअरचं आयुष्य आधी संपतं. विंडोज 10 च्या नेहमीच्या आवृत्त्यांचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी नियमित अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि धडधाकट संगणक त्या दिवशी जुने झाले. त्याच विंडोजची यंत्रांसाठीची 2021 ची दीर्घकालीन आयओटी आवृत्ती जानेवारी 2032 पर्यंत चालणार आहे. म्हणून बिलिंगचं तयार यंत्र घेताना आत कोणती आवृत्ती आहे हे बिलावर लिहून घ्या. सॉफ्टवेअर एकरकमी घ्यायचं की मासिक वर्गणीवर, याचं उत्तर बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतं: वर्गणी थांबवली तर आपला जुना डेटा बाहेर काढता येतो का? येत नसेल तर ती वर्गणी कधीच थांबणार नाही.

यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत बदलाव्या लागतात, तेही 25 अंशांच्या आसपास ठेवल्या तर. दर दहा अंशांनी आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आपण यूपीएस ठेवतो काउंटरखालच्या बंद खणात, चिलरच्या गरम हवेशेजारी. लिथियम महाग पडते, पण तिचं आयुष्य साधारण दुप्पट. जागा गरमच राहणार असेल तर लिथियम घ्या. हवेशीर जागा असेल तर लेड-ॲसिड परवडते.

एएमसी घ्यावी का

वार्षिक देखभाल करारात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असं लिहिलेलं असलं तरी वगळलेल्या भागांची यादी आधी वाचा. गॅस्केट, दिवे, प्रिंटर हेड, बॅटरी, कधीकधी गॅससुद्धा त्या यादीत असतो. म्हणजे जे हमखास बिघडतं तेच नेमकं बाहेर. चिलर-फ्रीझरसाठी वॉरंटी संपल्यावर करार करा, पण त्यात गॅस, कॉम्प्रेसर आणि किती तासांत माणूस येणार हे लेखी असेल तरच. कंडेन्सर साफ करायला मात्र करार लागत नाही. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन महिन्यातून एकदा दुकानातलाच कुणीही ते करू शकतो. प्रिंटर आणि स्कॅनरसाठी करार करूच नका. त्या पैशांत एक जादा प्रिंटर आणि एक जादा स्कॅनर घेऊन, सेटिंग करून, काउंटरखाली ठेवा. गर्दीच्या वेळी मेकॅनिकची वाट बघण्यापेक्षा केबल बदलणं लवकर होतं.