टॉवेल, फक्की की जुळवलेले पाय?

मेव्हण्याने दिवाळीत गोल्फच्या काठ्यांचा, म्हणजे क्लबचा, जुना हाफ सेट (निम्मा संच) घेतला आणि तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की मला व्हिडिओ पाठवतो. "दाजी, हा सराव करू का तो?" राहायला तो साताऱ्यात, शाहूपुरीत. गच्चीवर उभं राहिलं की समोर अजिंक्यतारा. पण आम्ही चेंडू मारायच्या सरावाला ज्या रेंजवर जातो ती पुण्यात, 110 किलोमीटरवर. महिन्यातून एक फेरी झाली तरी खूप. म्हणजे स्विंगचं, क्लब फिरवण्याचं, जे काही भलंबुरं व्हायचं ते घरीच होणार. त्याला तुकड्यातुकड्यात सांगत आलो ते इथे एकत्र लिहितो. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावऱ्यांनी उलटं करून घ्यावं.

त्याआधी ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, पाहा. क्लब धरून उभं राहिल्यावर वरून डाव्या मुठीची दोन-तीन हाडं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर चेंडूला लागताना क्लबचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. हे न सुधारता कुठलाही सराव करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता टॉवेल. हा सगळ्यात प्रसिद्ध, कारण खर्च शून्य आणि जागा हॉलएवढी. छातीवरून आडवा टॉवेल घ्यायचा, दोन्ही टोकं काखांत दाबायची आणि नाइन आयर्नने (आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब, आकडा मोठा तितका आखूड) अर्धा स्विंग करायचा. हात कमरेपर्यंत मागे, कमरेपर्यंत पुढे, बस. टॉवेल पडला तर समजायचं की छाती थांबली आणि नुसते हात पळाले. फिजीचा गोल्फपटू विजय सिंग तर डाव्या काखेत ग्लोव्ह अडकवून तासन्‌तास मारायचा, आणि त्याच्या नावावर तीन मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, आहेत. पण लोक हा सराव पूर्ण स्विंगला लावतात आणि तिथे फसतात. पूर्ण बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, उजवी काख थोडी सुटणारच. ती बळेच दाबून ठेवली की स्विंग आखडतो. मेव्हण्याचा आठवडाभरात असा आखडला की व्हिडिओत तो थंडीने कुडकुडणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

पाय जुळवून मारणं त्याहून सोपं आणि माझ्या मते नवख्याला जास्त उपयोगी. पावलांत चार बोटांचं अंतर, सेव्हन आयर्न, निम्मा जोर. जोर लावला की तोल गेलाच. आपल्याकडच्या माणसाचा हात क्रिकेटवर घडलेला असतो. चेंडू येतोय म्हणून पाय पुढे टाकायचा, अंग झोकायचं, ही सवय अंगात भिनलेली. गोल्फचा चेंडू बिचारा जागेवर पडलेला असतो, त्याच्यावर धावून जायचं कारण नाही. पाय जुळवले की धावताच येत नाही. ओळीने वीस स्विंग तोल न जाता झाले, की पाय खांद्याएवढे फाकवा आणि तीच लय ठेवा. फक्त एक, तोल सुधारला म्हणजे चेंडू स्वच्छ लागेलच असं नाही. त्याचा निकाल हा सराव देत नाही.

निकाल देते ती फक्की. क्रिकेटच्या क्रीजला वापरतो तीच. मैदानाच्या कडेला, जिथे थोडं गवत-माती उकरलं तरी कुणी ओरडणार नाही अशा जागी, दोन पायांच्या बरोबर मधून पुढ्यात सरळ रेघ मारायची. चेंडू ठेवायचाच नाही. रेघ हाच चेंडू. सेव्हन आयर्नने स्विंग करायचा आणि माती कुठे उडाली ते वाकून बघायचं. रेघेवर किंवा रेघेच्या डावीकडे, म्हणजे निशाणाच्या बाजूला, खरवडलं असेल तर बरोबर. चांगल्या खेळाडूंच्या आयर्नच्या स्विंगचा तळ, म्हणजे क्लब सगळ्यात खाली येतो ती जागा, चेंडूच्या तीन-चार इंच पुढे असतो. रेघेच्या मागे खड्डा पडला तर वजन उजव्या पायावरच राहिलंय.

मी स्वतः एक अख्खा पावसाळा घरात मॅटवर घालवला होता. आवाज सुरेख यायचा, वाटलं जमलं. ऑक्टोबरमध्ये खऱ्या गवतावर गेलो आणि पहिल्या दहापैकी सात चेंडूंच्या आधी जमिनीत क्लब घुसला. मॅटवर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी घसरून पुढे जातो आणि चेंडू बरा लागल्यासारखा वाटतो. मॅट चुका पाठीशी घालते. फक्की घालत नाही. ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या सगळ्यात लांब क्लबला, मात्र हा सराव लावू नका. तिथे चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि क्लब किंचित वर येताना लागायला हवा, त्यामुळे तळ चेंडूच्या आधीच असतो.

स्लाइस, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जाणं, हाच ज्याचा मुख्य आजार आहे आणि ग्रिपही तपासून झाली आहे, त्याने चपलांचं रिकामं खोकं घ्यावं. चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे, क्लब जेमतेम जाईल एवढी जागा सोडून ठेवायचं. क्लब बाहेरून आत येत असेल तर खोकं उडतं. अंदाज करायची गरजच नाही.

गच्चीवर जाळी लावून चेंडू मारणं हा पर्याय मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. चेंडू कुठे वळला ते जाळीत दिसत नाही, त्यामुळे शिकायला मिळतं थोडं आणि जोर मात्र वाढत जातो. शिवाय जाळीला भोक असतं. माझा एक चेंडू त्यातून निसटून शेजाऱ्यांच्या सोलरच्या नळीवर बसला. जेमतेम 46 ग्रॅमचा चेंडू, पण काच गेली. काकूंनी पैसे घेतले नाहीत, पण गार पाण्याच्या अंघोळीचा विषय अजून निघतो.

मेव्हण्याला शेवटी सांगितलं ते असं. पाऊस असेपर्यंत घरात पाय जुळवून, दिवसाआड पंधरा मिनिटं. टॉवेल त्यातच पाच मिनिटं, अर्ध्याच स्विंगला, आणि पंखा बंद करून. जमीन वाळली की आठवड्यातून दोन सकाळी फक्की. मोबाईल समोर, कमरेच्या उंचीला, स्लो मोशनवर. सातच्या आत आटपायचं, कारण त्यानंतर पोरं स्टंप घेऊन येतात, आणि आपली रेघ त्यांना क्रीज वाटते.