सीपॅपचा अनुभव : नळीतले पाणी आणि बायपोलरच्या रात्री

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सीपॅपच्या, नळीत पाणी साचते, ही तक्रार घेऊन सेवा केंद्राला फोन केला तेव्हा ‘पावसाळ्यात असे होणारच’ एवढे सांगून विषय मिटवण्यात आला. मुलुंडच्या आमच्या घरात रात्री एसी चालतो. ह्युमिडिफायरमधली (यंत्रातल्या हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीतली) कोमट, ओलसर हवा गार नळीत शिरली की तिचे पाणी होते आणि पहाटे ते गुरगुरत येऊन थेट नाकात टपकते, एवढे मलाही कळत होते. मला उपाय हवा होता. पुढच्या फोनवर ह्युमिडिफायर कमी करण्याचा सल्ला मिळाला. तो कमी केला की घसा सुकतो, आणि लिथियम या माझ्या मानसिक आजारावरच्या औषधामुळे आधीच तोंडाला कोरड पडत असताना ते सोसवत नाही. गरम होणारी नळी वेगळी विकत मिळते, हे त्यांनी मात्र आवर्जून सांगितले.

एवढ्याशा पाण्याचा मी बाऊ करतो आहे, असे कोणाला वाटेल; पण मला बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांच्या लाटा येणारा मानसिक आजार) आहे आणि सलग काही रात्री झोप मोडली तर त्यातून उन्माद उसळू शकतो. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, माझा एएचआय (झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो, तो आकडा) 30 च्या वर, म्हणजे तीव्र गटात निघाला. क्वेटियापीन या बायपोलरवरच्या दुसऱ्या औषधामुळे वाढलेल्या वजनाचाही त्यात हात असावा, असे डॉक्टर म्हणाले. मास्कची सवय होईपर्यंत झोपेची गोळी मागितली तर तीही मिळाली नाही, कारण काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्तच अडतो.

शेवटी यंत्र पलंगाच्या पातळीखाली, जेवायच्या जुन्या पाटावर ठेवले आणि पत्नीने फाटक्या टॉवेलची खोळ नळीवर शिवून दिली. आता जे थोडे पाणी होते, ते उताराने टाकीकडे परत जाते. खर्च शून्य.

यंत्राच्या ॲपमधला रात्रवार आलेख मात्र मी सुरुवातीला निव्वळ शोभेचा समजत होतो आणि ते मत आता बदलले आहे. दिवाळीच्या सुमारास एएचआय 5 च्या खाली आला, डोकेदुखी थांबली, अंगात उत्साह संचारला, आणि मी मध्यरात्री उठून माळा आवरू लागलो. ॲप रोज शाबासकी देत होते; वापराचे तास मात्र रात्रीगणिक घटत होते. मानसोपचारतज्ज्ञांनी तो आलेख पाहताच सांगितले, की चांगल्या झोपेने ताजेतवाने वाटणे वेगळे आणि झोपेची गरजच न वाटणे वेगळे. त्यांनी औषधाची मात्रा बदलली आणि यंत्र चालूच ठेवायला सांगितले. तेव्हापासून दर भेटीला मी एएचआयपेक्षा तासांचा आलेख आधी पुढे करतो, कारण ‘झोप बरी आहे’ हे माझे म्हणणे हायपोमॅनियात, म्हणजे सौम्य उन्मादात, कोणी ग्राह्य धरू नये.

पैशांचे म्हणाल, तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले असले, तरी घरी वापरायचा सीपॅप बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. माझाही सगळा खर्च खिशातूनच झाला. मास्कची रबरी कुशन तर अधूनमधून बदलावीच लागते. तेव्हा यंत्र घेताना रात्रवार तासांचा अहवाल समोर काढून दाखवायला सांगावे. मला विक्रेत्याने आवाज किती कमी आहे, एवढेच पुन्हा पुन्हा ऐकवले होते.