तयार व्हिडिओ की मूळ नकाशा?

इतिहासाच्या तासाला दहा मिनिटांचा व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप. पण ती शांतता मला जरा संशयास्पदच वाटते. लंडनमधली 1854 ची कॉलऱ्याची साथ घ्या. बहुतेक व्हिडिओंत गोष्ट ठरलेली: डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढला, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं दूषित पाणी बंद व्हावं म्हणून त्याचा दांडा काढायला लावला, साथ थांबली. टाळ्या!

तोच नकाशा नेटवर सहज सापडतो. तो मोठा करून मुलांपुढे ठेवा. प्रत्येक मृत्यूसाठी एक काळी रेघ. पंपाभोवती रेघांची नुसती गर्दी. मग कुणीतरी विचारतंच, "ही ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, पंपाजवळच आहे, तिथं रेघ कशी नाही?" तिथले कामगार पंपाचं पाणी पीतच नव्हते, त्यांना बिअर मिळायची, शिवाय स्वतःची विहीर होती. पुढे मृत्यूंच्या तारखा पाहिल्या की कळतं, दांडा निघण्याआधीच साथ ओसरू लागली होती. व्हिडिओत हे क्वचितच येतं.

नकाशाला वेळ मात्र जातो, एक तास कमीच पडतो. परीक्षा तोंडावर असेल तर मीही मुकाट्याने व्हिडिओच लावते.