गुडघा म्हणतो सायकल, रस्ता काय म्हणतो?

मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, डॉक्टर म्हणतात पळू नका, उड्या मारू नका, पण बसूनही राहू नका. सायकल घेऊ का? की आपली रोजची फेरीच बरी?"

वहिनी 54 वर्षांच्या. जिना चढताना त्यांना काही होत नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. मी फोनवरच "घ्या की, त्यात काय विचारायचं" म्हणून मोकळा झालो. मग रात्री वाटलं, आपण आपल्या घरावरून बोललो. मी नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहतो, सकाळी सहाला निघालो की दहा मिनिटांत सोमेश्वर मागे पडतं आणि रस्ता मोकळा होतो. वहिनी इंदिरानगरला. तिथून दहा मिनिटं सायकल मारली तर माणूस मुंबई-आग्रा हायवेच्या गर्दीत पोचतो. म्हणून दुसऱ्या दिवशी नीट बसून त्यांच्यासाठी चार पर्याय शेजारी शेजारी मांडले: चालणं, रस्त्यावरची सायकल, घरातली जागेवरची सायकल आणि पोहण्याचा तलाव.

आधी गुडघ्याचं बघू. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि खाली येताना जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका बसतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असल्यामुळे दणका वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. पण गुडघ्याच्या आत फक्त दणका पोचत नाही, स्नायूंची ओढही सांध्यावर दाब टाकते. त्यामुळे सपाटीवर साधं चालतानाही सांध्यावर वजनाच्या अडीचपटीच्या आसपास भार येतो, आणि जिना उतरताना त्याहून जास्त. सायकलवर बरंचसं वजन सीट आणि हँडल घेतं. बसून, हलक्या गिअरवर पेडल मारताना गुडघ्यातला भार चालण्याच्या साधारण निम्मा असतो. शिवाय सांधा फिरत राहतो, ही मोठी गोष्ट. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात मुरतो हालचालीमुळे. ‘दुखतं म्हणून हलवत नाही’ हा हिशोब म्हणूनच उलटा पडतो.

इथपर्यंत सायकल जिंकली. पण एक गोष्ट सायकलवाले (मीही त्यातलाच) सोयीस्कर विसरतात. हाडं टिकायची तर त्यांना वजन पेलावं लागतं. ते काम ना सायकल करते, ना पोहणं. पाळी थांबल्यानंतर बायकांची हाडं भराभर विरळ होत जातात, त्यामुळे वहिनींच्या वयाला नुसती सायकल अपुरी आहे. चालण्यानेही हाडं फार बळकट होतात असं नाही, पण ते सायकलपेक्षा बरं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्यावर दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. मध्यम म्हणजे किती? शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

तलावाचं थोडक्यात. कंबरभर पाण्यात शरीराचं निम्मं वजन पाणी उचलतं, छातीपर्यंत उभं राहिलं तर त्याहून बरंच जास्त. गुडघे फारच दुखत असतील किंवा वजन खूप असेल, तर याच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. पोहता येत नसलं तरी पाण्यात नुसतं चालता येतं. येत असेल तर बेडकासारखे पाय मारायची पद्धत टाळा, तिच्यात गुडघा आतल्या बाजूने पिळला जातो. त्र्यंबक रोडवर महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव आहे. पण इंदिरानगरहून तिथे जायचं, कपडे बदलायचे, परत यायचं... "आणि केस कोण वाळवणार?" म्हणून वहिनींनी विषय संपवला. मला ते पटलं. जो व्यायाम रोज होणार नाही, तो कितीही सौम्य असला तरी काय उपयोग?

घरातली सायकल गुडघ्याला बाहेरच्याइतकाच फायदा देते. खड्डा नाही, कुत्रं नाही, जून ते सप्टेंबर पाऊस नाही. तोल सांभाळायची सवय मात्र होत नाही आणि कंटाळा येतो. आमच्याकडे एक आहे. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. तरी बऱ्याच वर्षांत सायकल चालवली नसेल, तर पहिले पाच-सहा आठवडे तिच्यावरच काढावेत असं माझं मत आहे. पाय तयार होतात आणि मग रस्त्यावर सगळं लक्ष रस्त्याकडे देता येतं.

आता रस्ता. सायकलींच्या बाबतीत नाशिकचा वारसा मोठा आहे. 2015 साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पुरी केली, तेव्हापासून तर शहरात सायकलींना भरतीच आली. पण ती शर्यत पावणेपाच हजार किलोमीटरच्या पुढची. वहिनींसारख्यांना आठवड्यातून फार तर तीन दिवस, आठ-दहा किलोमीटर पुष्कळ आहेत.

पश्चिमेकडे राहणाऱ्यांची चैन आहे: गंगापूर रोडने गिरणारे, दुगावकडे द्राक्षबागांमधून जाणारे रस्ते, मोकळी हवा, लागतील तेवढेच चढ. फक्त शनिवार-रविवारी नऊच्या आत परत या, नंतर धरणाकडे आणि वायनरीकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. त्र्यंबक रोड रुंद असला तरी गाड्या वेगात असतात. श्रावणी सोमवारी आणि पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकूच नका, तो रस्ता तेव्हा वारकऱ्यांचा. हायवेबद्दल बोलायलाच नको. इंदिरानगरवाल्यांना त्यातल्या त्यात बरा रस्ता म्हणजे पाथर्डी गावावरून वडनेरमार्गे देवळाली कॅम्प. छावणीच्या भागात झाडं आहेत आणि सकाळी वर्दळ कमी. पण पाथर्डी फाटा ओलांडेपर्यंत जीव मुठीत. तिथे सरळ खाली उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा.

मी स्वतः एकदा पडलोय, आणि गाडीने उडवून नव्हे. ऑक्टोबरातली सकाळ होती. मागून छोटा हत्ती टेम्पो हॉर्न देत आला म्हणून मी शहाण्यासारखा अगदी डावीकडे सरकलो. तिथे गटाराच्या चेंबरची जाळी होती आणि तिच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच, उभ्या. पुढचं चाक त्या फटीत गेलं आणि मी हँडलवरून पुढे. हेल्मेटला मनगटाएवढी भेग गेली. कपाळ शाबूत राहिलं. सायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती नाही, पण ती भेग पाहिल्यापासून मी बिनाहेल्मेटचा कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नाही. (आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. वरून धड दिसलं तरी आतला थर्मोकोल एकदा दबला की संपला.)

त्या दिवसापासून मी कडेला चिकटून चालवत नाही. डांबराच्या कडेपासून हातभर आत राहिलं की साइडपट्टीची खडी, जाळ्या, काचा सगळं टळतं आणि मागच्याला तुम्ही दिसता. कडेला गेलात की त्याला वाटतं जागा आहे, आणि तो कट मारतो. उभ्या गाड्यांपासून मात्र दार उघडलं तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं. कॉलेज रोडला हे पहिल्याच दिवशी कळतं. ट्रक किंवा बसच्या डाव्या बाजूला कधीच घुसू नका. तिथलं ड्रायव्हरला दिसत नाही आणि तो डावीकडे वळला की सुटायला जागा नसते. राँग साइडने येणारे दुचाकीवाले गृहीतच धरा. कानात काही घालू नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे सहाला पूर्ण अंधार. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच. कुत्री मागे लागली तर वेग वाढवायचा मोह आवरा, उतरा आणि कुत्री व आपण यांच्या मध्ये सायकल धरून चालत पुढे जा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली खड्डा किती ते कोणालाच दिसत नाही.

सायकलमुळे गुडघा दुखायला लागला, असं सांगणारे बरेच भेटतात. त्यातल्या निम्म्यांची सीट खाली असते. दुकानदार पाय टेकतील एवढी खाली करून देतो, आपल्यालाही तेच सुरक्षित वाटतं. मग प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक राहतो. दुसरी चूक जड गिअरची. ‘जोर लागला म्हणजे व्यायाम झाला’ हे खूळ सोडा. हलका गिअर घ्या आणि मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या होऊ द्या. चढ आला तर उतरून चालायला लाज कसली?

वहिनींना मी शेवटी असं सांगितलं: चार दिवस इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तीस-पस्तीस मिनिटं चालणं, दोन दिवस खुर्चीचा व्यायाम आणि रविवारी सकाळी सायकल, देवळालीच्या बाजूला, दादा बरोबर असेल तरच. नवी सायकल सध्या घ्यायची नाही. माझी जुनी हायब्रिड महिनाभर वापरा, मन लागलं तर बघू. त्या गंगापूर रोडला राहत असत्या तर मी आठवड्यातले तीन दिवस सायकलचेच सांगितले असते आणि चालणं दोन दिवसांवर आणलं असतं. गुडघे तेच, रस्ता निराळा.

परवा सीट नीट बसवून सायकल पोचवून आलो. रविवारी दुपारी मेसेज आला: "भाऊजी, वडनेरपर्यंत जाऊन आलो. पण ह्यांनी सीट परत खाली केलीय, पाय टेकत नाहीत म्हणाले. किती बोटं वर घेऊ, सांगा."