नॉरिच घेऊ की नॉर्फक?

इंग्लंडातली मावसबहीण नॉरिच आणि नॉर्फक या दोन टेरियर जातीच्या कुत्र्यांमध्ये अडकलीये, "दादा, दिसायला सारखेच, मग फरक काय?" अगं कान बघ! नॉरिचचे ताठ उभे, नॉर्फकचे पुढे दुमडलेले. (इंग्रजीत Norwich लिहितात, त्यातला डब्ल्यू मुका बरं का.) मूळ एकच, पूर्व इंग्लंडातले उंदीर मारणारे कुत्रे, केंब्रिजचे विद्यार्थीसुद्धा पाळायचे, 1964 पर्यंत नावही एकच होतं, मग कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबने वेगळे केले.

खर्चात दोघंही महाग, पिल्लं एका वेळी दोन-तीनच होतात त्यामुळे थांबावंही लागतं. केसांचं कामही सेमच, राठ मेलेले केस बोटांच्या चिमटीत धरून वाढीच्या दिशेने उपटायचे, मशीन फिरवलीस तर कोट (अंगावरचे केस) मऊ पडतो आणि रंग फिका होतो.

खरा फरक तब्येतीत. नॉरिचला श्वासाचा त्रास जास्त, पिल्लाच्या आईबापाला धावायला लावून बघ, घरघर ऐकू आली तर सरळ उठून ये. नॉर्फकमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार दिसतो, तिथे आईबापाच्या हार्ट टेस्टचे रिपोर्ट माग.

तुला रोज पळायला सोबत हवी ना, मग नॉर्फक. निवांत चालणं असेल आणि उभ्या कानांवर जीव जडलाच असेल तर नॉरिच. हॅमस्टर (उंदरासारखा पाळीव प्राणी) असेल घरात तर दोन्ही नको.